चार झोके की सहा?

"अगं, पाय उचल ना! गाडी चुकली तर आखाजी गेली!" योगिताने मैत्रिणीचा, अपर्णाचा, हात ओढला. मागून चुलतभाऊ लोटू डबा सांभाळत धावत होता.

भेस्तानच्या गॅसच्या गोदामात बाबांना डबा द्यायचा आणि त्यांची सुट्टी झाली, की दुपारच्या गाडीने थेट गावी, अमळनेरला! तिची थोरली बहीण अर्चनाताई लग्नानंतर पहिल्यांदाच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यांच्या सणाला, तिथे माहेरी आली होती आणि उद्याच सासरी परतणार होती. योगिताला तिची इतकी आठवण येई, की शेजारची रिकामी उशी बघवत नसे.

अहो, रसायनांची नावंसुद्धा ताईनेच शिकवलेली, गावच्या निंबाच्या झोक्यावर! "फ्लोरिनचा एक अणू म्हणजे एक झोका. चार झोके टेट्रा, पाच पेंटा, सहा हेक्झा. बोल, SF6?"

"सल्फर हेक्झाफ्लोराइड!" असं योगिताने म्हटलं, की बसलाच जोराचा धक्का!

गोदामात नुसती धांदल होती. आखाजीसाठी सगळ्यांनाच गावी पळायचं होतं. टेम्पोत सिलिंडर चढले होते आणि साऱ्यांवर ओल्या पिवळ्या रंगात एकच नाव होतं: सल्फर हेक्झाफ्लोराइड. लोटू त्यांना टेकला आणि किंचाळला, "मेलो! शर्ट रंगला! आई बदडणार!"

योगिता हसत वाकली आणि तिचं हसू थांबलं. एका सिलिंडरच्या मानेवर धातूतच ठोकलं होतं: SF4.

"अपर्णा, हे तर चारच झोके! टेट्राफ्लोराइड! हेक्झा वीजघरातल्या स्विचांत भरतात. पण टेट्रा श्वासातून गेला तर माणूस जिवानिशी जाईल गं!"

बोललं तर माल अडणार, बाबा अडकणार, गाडी जाणार. झोक्याशी वाट बघणारी ताई डोळ्यांपुढे आली आणि योगिताचा जीव कळवळला. पण वीजघरातल्या माणसांचीही कुणीतरी वाट बघतच असेल ना? तिने तडक जाऊन मॅनेजर चंद्रकांतकाकांना सगळं सांगितलं.

"नावाच्या एकाच साच्याने सगळे रंगवा, असं मीच सांगितलंय!" काका खेकसले. "आली मोठी शहाणी! चालो भाई, नीकळो!"

ड्रायव्हरने चावी फिरवली. तेवढ्यात लोटूने चाकापुढेच फतकल मारली, डबा उघडला आणि कळण्याची भाकरी मोडली!

"ऊठ रे!"

"जेवणाऱ्याला पानावरून उठवू नये, काका! पाप लागतं!"

ड्रायव्हर खो खो हसत सुटला आणि त्याने इंजिनच बंद केलं. तोवर अपर्णा बाबांना घेऊन आली. "काय व्हयनं वं?" असं विचारत त्यांनी सिलिंडरच्या मानेवर बोट फिरवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "साहेब, पोरगी खरं बोलते."

काकांनी स्वतः वाचलं आणि धावत जाऊन टेम्पोची चावी काढून घेतली. सगळा माल उतरवून पुन्हा तपासला, आणखी एक चुकीचा सिलिंडर सापडला. गाडी केव्हाच गेली होती.

"चुकलं माझं," काका म्हणाले. "पोरांनो, तुम्ही आज मोठा अनर्थ टाळलात! योगिता, बोल, काय देऊ?"

योगिता नुसतं "ताई..." म्हणाली आणि रडायलाच लागली. बाबांनी फोन लावून तिच्या कानाशी धरला.

"ताई, दोन झोके कमी निघाले गं, म्हणून गाडी चुकली!" तिने हुंदके देत सगळं सांगितलं.

पलीकडे ताईही नाक ओढत होती. "रडू नको, वेडे. मी सासरी कळवते, एक दिवस जास्त राहते. तू सकाळच्या गाडीने ये. तोवर झोक्याला कुणाला हात लावू देत नाही!"

"धक्के किती देशील?"

"हेक्झा!" ताई म्हणाली. "एकही कमी नाही."