तम्मा, जेवायला ये

कॉम्प्युटरच्या दुनियेत विंडोज आणि लिनक्स म्हणजे एका घरातले अबोला धरलेले दोन भाऊ. त्यांना बोलतं करायचं काम कोल्हापुरात तेव्हा फार जण करत नव्हते. मी करायचो आणि डोकं फिरवून घ्यायचो. दोन हजार सहाचा उन्हाळा होता. शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी भरमाप्पा सकाळीच माझ्या दुकानात आले.

"विजयसिंह, पोराच्या माडीवरल्या कॉम्प्युटरमधल्या फायली खालच्या कॉम्प्युटरात येईनात. जरा येऊन बघा की."

पोरगा म्हणजे सोमेश. आदल्या पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात मोटारसायकल घसरून गेला. एकुलता एक. मी जास्त काही विचारलं नाही, पिशवी उचलली आणि निघालो.

"बसा, बसा," म्हणत घरात शिरताच भरमाप्पांनी खुर्ची पुढं केली. खाली विंडोज, माडीवर सोमेशचं लिनक्स, आणि मधे जिन्याच्या कठड्याला सुतळीनं बांधलेली केबल. ती त्यानंच बांधलेली. कुणा शहाण्यानं खालचा विंडोज नव्यानं टाकला होता आणि तेव्हापासनं दोन्ही मशीन एकमेकांना ओळखत नव्हती. सोमेशची आई, शांतव्वा, माझ्या खुर्चीमागं उभी राहिली ती हललीच नाही.

"फोटो मिळतील, काकू. काळजी करू नका."

"फोटो ऱ्हाऊ द्यात. माझं जेवण चालू करून द्या."

मला कळेना. तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. 'जेवण' नावाची एक फाइल होती, दुसऱ्या ड्राइव्हवर असल्यामुळं वाचलेली. ती दाबली की वरच्या मशीनवर निरोप जायचा : तम्मा, जेवायला ये. तम्मा हे सोमेशचं घरातलं नाव. वरच्या मशीनचं नाव त्यानं तम्मा ठेवलेलं, खालच्याचं अव्वा, म्हणजे आई. वरनं उत्तर यायचं, छोट्या खिडकीत, इंग्रजी अक्षरांत : येतो.

"हाका मारून माझा घसा बसायचा, म्हणून केलतं त्यानं," ती म्हणाली. "त्यो गेल्यावरबी येतो म्हणत हुता. आता म्हणत न्हाय."

खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. मग वर जाऊन सेटिंग उघडली आणि हसूच आलं. लबाड पोरगं! कुठलाही निरोप आला की मशीननं परस्पर 'येतो' म्हणायचं, अशी एक ओळ लिहून ठेवली होती. आई खाली ताट घेऊन बसलेली, आणि हे वर आपल्या नादात.

बाकीचं दुखणं साधं होतं. ग्रुपचं नाव दोन्हीकडं वेगळं, नव्या विंडोजची बाहेरचं सगळं अडवणारी फायरवॉल चालू आणि निरोपाची सेवा बंद. सगळं जुळवलं. शांतव्वानं 'जेवण' दाबलं.

येतो.

तिनं पदराचं टोक तोंडाला लावलं, दुसऱ्या हातानं काच चाचपली.

"काकू, हे मशीन म्हणतंय. त्यो न्हाय."

"म्हाईत हाय की मला. पर येतो म्हणतंय न्हवं? तेवढं रोज दिसलं की बास."

मी फोटो खाली ओढायला घेतले. निम्मे आले असतील, तेवढ्यात वरची डिस्क टक टक करायला लागली आणि बंद पडली. नाना खटपटी केल्या. काही केल्या उठेना. शेवटी डिस्क काढून घेतली, जिन्यावरनं केबलही सोडवून गुंडाळली.

"काकू, आता येतो म्हणणार न्हाय ते." हे सांगताना मला माझाच राग आला.

ती स्वयंपाकघरात गेली.

"बरं झालं," भरमाप्पा भिंतीकडं बघत म्हणाले. "रोज दुपारी त्यो शबूद दिसला की भाकरी घशाखाली उतरत न्हवती माझ्या." त्यांनी पाट पुढं सरकवला. "बसा, जेवूनच जावा."

दोन ताटं मांडली होती. भाकरी, वांग्याची भाजी, दही. मी बसलो. डिस्क आणि केबलचं भेंडोळं मांडीशेजारी ठेवलं.

शांतव्वानं पदराला हात पुसले आणि सवयीनं कॉम्प्युटरपाशी जाऊन 'जेवण' दाबलं.

काळी खिडकी उघडली. तम्मा नावाचं कुणी सापडत नाही, असं इंग्रजीत आलं. यायलाच पाहिजे होतं. मी घास उचलला.

मग छोटी खिडकी उघडली.

तम्माकडून अव्वाला.

'येतो' नव्हतं.

आलो.

मी केबलला हात लावून बघितला. दोन्ही टोकं माझ्याजवळच होती.

शांतव्वानं तिसरं ताट घेतलं, पुसलं, भाकरी वाढली.

भरमाप्पांनी मान वर केली नाही. आपलं ताट थोडं सरकवून त्यांनी डाव्या अंगाला जागा केली.

"बस," ते म्हणाले.

मी तर कधीचा बसलो होतो. आणि मला ते 'बसा' म्हणायचे.