सत्तेचाळीस नंबरचं उसनं

शूराबच्या हवाई तळावर, तीन नंबरच्या हँगरात, सकाळचा चहा यदुल्ला करायचा आणि हटकून कडू करायचा. हँगरचा उस्ता, म्हणजे मुरलेला मेकॅनिक, कियूमर्स सालारी साखरेचा खडा दाताखाली धरून तो प्यायचा आणि रोज तेच म्हणायचा, "हा चहा टाकीत ओतला तर इंजिनसुद्धा मान टाकेल." यदुल्लाचं उत्तरही ठरलेलं, "मग पिऊ नका, उस्ता." दोघांचे केस पिकले, पण हे भांडण काही मिटलं नाही.

दाराबाहेर नजर पोचेल तिथवर मिठाचं पठार होतं आणि आत विमानं होती. शाहच्या काळात अमेरिकेहून आलेली, दोन शेपट्यांची, गरजेप्रमाणे पंख मागेपुढे करणारी. ज्यांनी ती विकली त्यांच्याशी पुढे वैर झालं आणि सुटे भाग यायचे बंद झाले. तरी ती उडत होती, कारण एकाला उपाशी ठेवून बाकीच्यांना जगवायचं ही इथली रीत पडली होती. उपाशी राहिलं ते सत्तेचाळीस नंबरचं विमान. त्याची इंजिनं गेली, मागची सीट गेली, पंख हलवणारी मोटर गेली, तेलाच्या नळ्या गेल्या. पंख तेवढे मागे दुमडून ते भिंतीकडेला उभं होतं.

त्याच्याकडून काही घ्यायचं तर आधी नाकावर तळवा ठेवून 'हलाल कर' म्हणायचं, असा हँगरचा रिवाज होता. माणूस लांबच्या प्रवासाला निघाला, की घरच्यांना, शेजाऱ्यांना म्हणतो ना, माझ्याकडून काही घेतलं-दुखवलं गेलं असेल तर माफ करा, हलाल करा, तसंच. नवे इंजिनिअर हसायचे, पण पाना हातात घेण्याआधी तेही तळवा टेकवायचे. कियूमर्स मात्र आणखी एक वाक्य जोडायचा. "हे उसनं आहे. परत मिळेल."

हा शब्द त्याच्या पदरचा नव्हता. तो कर्नल अर्दवानचा होता. दोघे एकाच वर्षी तळावर आले, एक उडवायला आणि एक दुरुस्त करायला. सत्तेचाळीसचं पहिलं इंजिन काढलं त्या दिवशी अर्दवानच म्हणाला होता, "नवी विमानं येऊ देत रे. आली की पहिलं काम हेच, हिला पुन्हा उभी करायची. पुढे मी बसेन, मागच्या सीटवर तू. मिठावरून एक चक्कर मारून आणतो तुला." कियूमर्सनं तो शब्द खरा मानला आणि विमानालाही तसाच सांगितला. माणूस साधा असला की दुसऱ्याच्या शब्दाला जामीन राहतो.

शेवटी एका हिवाळ्यात नवी विमानं आली. रशियन, निळसर राखाडी, अंगावर एक ओरखडा नाही. तळावर गजचे, म्हणजे पिस्ते घातलेल्या मिठाईचे, डबे वाटले गेले. यदुल्लानं पिस्त्याचा तुकडा चघळत विचारलं, "सवत आली म्हणून पेढे वाटतात का कुठे?"

कर्नल अर्दवान दुसऱ्या दिवशी हँगरात आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं चहा नको म्हटलं.

"कियूमर्स आगा, ही जागा रिकामी हवी आहे," तो म्हणाला. "तुम्ही सत्तेचाळीस कापायला काढा. परवा जुन्या विमानांच्या निरोपाचा कार्यक्रम आहे. त्यांतलं बारा नंबर मी स्वतः उडवणार आहे. कार्यक्रम झाला की ट्रक येतील."

दोघेच असताना अर्दवाननं त्याला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. कियूमर्सला कापण्याच्या हुकुमाआधी ते 'तुम्ही'च लागलं.

"शब्द दिला होतास," तो म्हणाला.

"भंगाराला?"

"मला. आणि मी तिला."

अर्दवान हसला. "तुम्ही थकलात. मुलीकडे शिराझला जा, नातवंडं खेळवा." एवढं बोलून तो नव्या विमानांकडे निघून गेला. गरज सरो, वैद्य मरो. कियूमर्सच्या घशाशी इतकं कडू आलं की यदुल्लाचा चहा त्यापुढे गोड वाटावा. आपल्या तोंडाला पानं पुसली याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती ती सत्तेचाळीसची. सगळे जेवायला गेल्यावर तो तिच्या नाकाशी गेला, तळवा टेकवला आणि खरं ते सांगून टाकलं. "परत काही मिळणार नाही. तुलाही फसवलं, मलाही."

थंडी एवढी होती की पत्र्याला बोट चिकटावं. पण तळव्याखालचा पत्रा कोमट होता. ऊन लागलं असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. त्या भिंतीवर ऊन कधीच येत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी यदुल्ला ओरडला. त्याच्या चहाच्या पेल्यात वरून काहीतरी पडलं होतं. कियूमर्सनं पेला उजेडात धरला. लाल तेल होतं, पंख हलवणाऱ्या नळ्यांत असतं ते. अगदी ताजं.

दोघांनी वर पाहिलं. चहाच्या टेबलावर सत्तेचाळीसच्या पंखाचं टोक आलं होतं.

"टेबल कुणी सरकवलं?" यदुल्लानं विचारलं.

टेबलाचे पाय सिमेंटवर पडलेल्या जुन्या डागांवरच होते. कियूमर्सनं पंखाच्या मुळाशी बॅटरी मारून पाहिली. मोटरची जागा रिकामी होती, काढलेल्या नळ्यांची उरलेली तोंडं आपण गुंडाळलेल्या कापडानं बांधलेली होती, आणि ते कापड कोरडं होतं. यदुल्लानं टेबल दाराकडे ओढलं.

दुपारी अर्दवान पुन्हा आला. बारा नंबरचा इंधनाचा पंप दगा देत होता आणि चालू स्थितीतला पंप आता एकाच ठिकाणी, सत्तेचाळीसमध्ये, उरला होता. पंखाकडे पाहून तो थबकला.

"हे नाटक तुमचं ना? कापू नये म्हणून? याला घातपात म्हणतात, ठाऊक आहे?"

"साहेब," कियूमर्स म्हणाला, "हा पंख हलवणारी मोटर तुमच्या बारा नंबरात आहे."

अर्दवानचा चेहरा उतरला. पण आजूबाजूला माणसं होती. "बरं, पंप काढा."

"मी हलाल मागणार नाही. आता मागितलं तर ते खोटं होईल."

"मग मी मागतो." अर्दवाननं मोठ्यांदा हसून सत्तेचाळीसच्या नाकावर हात ठेवला. "हलाल कर गं म्हातारे. उसनं नेतोय. उद्या संध्याकाळच्या आत स्वतः आणून देतो. झालं समाधान?"

एकदोघे हसले. अर्दवाननं हात पटकन काढून घेतला आणि पँटला पुसला. संध्याकाळपर्यंत पंप बारा नंबरात बसला, आणि सत्तेचाळीसच्या पोटाचं झाकण उघडंच राहिलं.

कार्यक्रमाच्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. सगळा तळ धावपट्टीकडे लोटला. कियूमर्स हँगरच्या दारातच उभा राहिला. बारा नंबर आपल्या हातची, तिला पाठ दाखवणं त्याला जमेना. ती उठली, पंख मागे घेऊन सगळ्यांच्या डोक्यावरून गेली, आणि लोक टाळ्या वाजवत असतानाच मिठावर वळली. रागावलेला असूनही त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्दवान उडवायचा छान, ते कोण नाकारणार?

मग आवाज थांबला.

लांब जाऊन विरला नाही. मधेच थांबला.

क्षितिजावर धूर दिसला नाही. पांढरं पठार तसंच पांढरं राहिलं. गाड्या भोंगे वाजवत मिठाकडे धावल्या.

भिंतीवरचा फोन वाजला. टॉवरवरून कुणीतरी घाईघाईनं बोलत होतं. "उस्ता, कर्नलसाहेब तुमच्याकडे आलेत का?"

"माझ्याकडे? ते तर वर आहेत."

"शेवटचं बोलले ते 'तीन नंबरला पोचलो' एवढंच. अगदी शांतपणे. धावपट्टीवर काहीच उतरलं नाहीये, उस्ता."

कियूमर्सनं फोन ठेवला. मागे हँगरात तापलेल्या धातूची टिकटिक चालू होती, इंजिन नुकतं बंद केल्यावर होते तशी.

तो वळला.

सत्तेचाळीसचे दोन्ही पंख पूर्ण उघडले होते.

काल उघडं टाकलेलं पोटाचं झाकण बंद होतं. त्यानं ते खोललं. पंप जागेवर होता. हात लावला तर चटका बसला.

पुढच्या सीटवरची काच आतून वाफेनं धुरकट झाली होती, कुणी श्वास सोडावा तशी. बघता बघता ती निवळली. पुन्हा धुरकट झाली. पुन्हा निवळली. आत काही दिसत नव्हतं.

बाजूला शिडी लावलेली होती. ती त्यानं लावली नव्हती.

तो दोनच पायऱ्या चढला. तिथून मागची सीट दिसत होती. फार वर्षांपूर्वी त्यानंच काढून दुसऱ्या विमानाला दिलेली सीट. ती रिकामी होती, आणि तिचे पट्टे दोन्ही बाजूंना नीट उलगडून ठेवले होते, कुणी बसायला येणार असलं की तो स्वतः ठेवायचा तसे.