तोयोसुच्या पबातली अकरावी काच

दारावरची बेल वाजली तेव्हा गुणवंत पोह्यांना फोडणी देत होता. दारात प्रणिता होती, रडून रडून डोळे लाल झालेली. टोकियोतल्या तोयोसुच्या एका जुन्या इंग्लिश पबात ती बार सांभाळायची.

“सुचेताताई, मालक म्हणतात, काच मीच चोरली. आज परत आणली नाही तर उद्यापासून येऊ नका म्हणे! चोर ठरले तर इथे मला दारात तरी कोण उभं करील?”

सुचेता खासगी चौकशीची कामं करायची. तिने गॅस बंद केला. नवऱ्याचे पोहे राहिले ते राहिलेच.

तिघं पबात पोचली. पब व्हिक्टोरिया राणीच्या काळातला होता. लंडनला मोडून, फळीन् फळी बोटीने आणून इथे पुन्हा उभारलेला. काउंटरवर तोंडाच्या उंचीला लाकडी चौकटींत कोरीव काचांची रांग होती.

“ही कसली भानगड?” गुणवंतने विचारलं.

“बड्या लोकांना पिताना बारवाल्याने पाहिलेलं नको असायचं. काच फिरवली की तोंड लपतं. खालच्या फटीतून पेला तेवढा सरकतो,” प्रणिता म्हणाली.

“म्हणजे प्यायचंही आणि लाजायचंही!”

अकरावी काच चौकटीसकट कापून नेली होती. मालक इशिदा-सान म्हणाले, “सोमवारी पब बंद होता. मी ओसाकाला होतो. बाटल्यांचा कचरा ठेवायला प्रणिता-सान तेवढ्या आल्या. बारच्या आत जायची किल्लीही त्यांच्याकडेच असते.”

“पुढच्या दाराची?”

“आम्हा दोघांकडे आणि सुतार होसोदा-सानकडे.”

मालकांनी बोलावून घेतलेले म्हातारे होसोदा-सान खाली बघत म्हणाले, “मागच्या महिन्यात चौकटी घट्ट केल्या. त्यानंतर फिरकलो नाही.”

गुणवंतने कापलेली जागा निरखली. सांगलीला वडिलांचा फर्निचरचा कारखाना, त्यामुळे त्याला राहवेना.

“करवत जिथून बाहेर पडते तिथे लाकूड फाटतं. इथे फाटलंय गिऱ्हाइकांच्या बाजूला. म्हणजे कापणारा बारच्या आत उभा होता!”

प्रणिताचा चेहरा पांढरा पडला. गुणवंतने जीभ चावली, पण उशीर झाला होता.

सुचेता शेजारच्या करवतीच्या एका अर्धवट चिरेत नख घालून बघत होती. नख शिरेना.

“कापलेल्या टोकांना ही कागदी चिकटपट्टी कोणी लावली?”

“सकाळी आलो तेव्हा होतीच,” मालक म्हणाले.

सुचेताने सगळ्यांना बसवलं.

“गुणवंत, तुझ्या बाबांची करवत ढकलताना कापते. म्हणून पातं जाड लागतं, नाहीतर वाकतं. ही चीर कागदासारखी बारीक आहे. जपानी करवत! ती ओढताना कापते, त्यामुळे लाकूड फाटतं कापणाऱ्याच्याच बाजूला.”

“म्हणजे तो गिऱ्हाइकांच्या बाजूला होता?”

“हो. कारण बारची किल्ली त्याच्याकडे नव्हती. प्रणिता असती तर आत उभी राहून निवांत कापलं असतं. आणि चोर कशाला टोकांना पट्टी लावील? कडा तुटू नयेत म्हणून जपणारा माणूस चौकट पुन्हा जोडायला येणार असतो. खरं ना, होसोदा-सान?”

होसोदा-सान उठले आणि कमरेत वाकले. “मागच्या महिन्यात मी चौकट जास्तच आवळली. काचेला बारीक तडा गेला. काच फिरते ती खिळी गंजलेली, काच सुटेना, म्हणून चौकटच कापली. कोणाला कळायच्या आत दुरुस्त करून बसवणार होतो, पण वेळ पुरला नाही. पंचेचाळीस वर्षांत हात कधी चुकला नव्हता. लाज वाटली.”

“तुमची लाज राखायला माझी गेली असती!” प्रणिता म्हणाली.

इशिदा-सानही वाकले. “चूक झाली. उद्या याल ना?”

“येईन. पण मी चोर असं ज्यांना ज्यांना सांगितलंत, त्यांना आत्ता माझ्यासमोर फोन करा.”

मालकांनी खिशातून फोन काढला. प्रणिताने आपली खुर्ची त्यांच्यासमोर ओढली.