सतराव्या ओळीची दुसरी बाजू

पंच्याऐंशीव्या दिवशी सकाळी त्रीनूच्या शिडीची तिसरी पायरी निसटली, म्हणून शिडी बदलून घ्यायला ती बागमालक मर्व पास्कोच्या शेडकडे निघाली.

मे महिना होता, पृथ्वीच्या या टोकाला हिवाळ्याची सुरुवात. नदीवरून आलेलं धुकं सफरचंदांच्या ओळींमध्ये कमरेपर्यंत साचलं होतं आणि खाली पडून सडलेल्या फळांचा आंबट वास त्यातून वर येत होता. त्रीनूला त्याची सवय झाली होती. माणसाला कशाचीही सवय होते. एस्टोनियातल्या पार्नू गावी तिची आई नगरपालिकेच्या जमीन-नोंदणी खात्यात एकतीस वर्षं टिकली ती त्याच नियमाने. आईने शेजारची खुर्ची मुलीसाठी राखून ठेवली होती. खुर्चीवर ठेवायला उशीसुद्धा शिवली होती. त्या उशीपासून जमेल तितकं लांब जावं म्हणून त्रीनू टास्मानियाला आली, आणि नकाशात पाहिलं तर याहून लांब जायला फारशी जागा उरत नाही.

नियम साधा होता. परदेशी तरुणाला या देशात हिंडायला आणि राबायला एक वर्ष मिळतं. त्या वर्षात शेतावर अठ्ठ्याऐंशी दिवस भरले आणि मालकाने फॉर्मवर तशी सही दिली, की आणखी एक वर्ष मिळतं. सत्त्याऐंशी भरले तर काही मिळत नाही. त्रीनूचं वर्ष येत्या बुधवारी संपत होतं. रविवार सोडला तर कामाचे दिवस उरले होते चार, तेही आजचा धरून. एक दिवस बुडाला की उशी.

मर्व शेडच्या दारात चहा पीत उभा होता. साठीचा, रुंद, सकाळपासूनच कंटाळलेला माणूस.

"पायरी निसटली? तुमच्या देशात खिळेबिळे असतात की नाही?"

"असतात. मालकासाठी राखून ठेवतो."

मर्व नाकातून हसला. भिंतीला टेकवलेली एक शिडी त्याने पायाने पुढे ढकलली. "आज तू सतराव्या ओळीत जा."

"एकटी?"

"दुसऱ्या बाजूला आहे एकजण. जुनी आहे. हात चांगला आहे तिचा." तो कपात पाहत म्हणाला, "गप्पा मारत बसू नकोस तिच्याशी."

तोडणीची रीत अशी की एका झाडाला दोघं लागतात, एक या अंगाने, एक त्या अंगाने. मध्ये पानांची भिंत असते. दिवसभर माणूस दिसत नाही, नुसता ऐकू येतो. सतराव्या ओळीत शिडी लावून त्रीनूने झोळी पोटाशी बांधली, तेव्हा पलीकडचं काम सुरू झालेलं होतं. देठ मोडल्याचा बारीक आवाज, मग फळ झोळीत अलगद ठेवल्याचा. टाकल्याचा नव्हे, ठेवल्याचा. अशी हळुवार तोडणी त्रीनूने तीन महिन्यांत ऐकली नव्हती.

तासभर ती गप्प राहिली. पण शेतावरच्या या मंडळींना एक खोड असते. ती एकमेकांना नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. पहिला प्रश्न एकच.

"किती राहिले?" त्रीनूने पानांना विचारलं.

पलीकडचे हात थांबले.

"एक," बाईचा आवाज आला. मऊ, थोडा घोगरा.

"सुटलीस मग," त्रीनू म्हणाली. तिला हेवा वाटला. त्या एका शब्दातला हेलही तिने ओळखला. राजधानी तालिनला शिकत असताना फिनलंडहून बोटीने येणाऱ्या मंडळींना तिने चार वर्षं बिअर वाढली होती. हा हेल तिला झोपेतही कळला असता.

जेवणाच्या सुट्टीत तिने शेजारच्या ओळीतल्या माएलला विचारलं, "आपल्यात फिनिश कोण आहे रे?"

माएल फ्रेंच, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचा. तो पावाला डबाबंद मासा लावत होता आणि माशाचा अपमान होतोय असा चेहरा करून बसला होता. "कोणी नाही. का? बिअर प्यायला सोबत हवी?"

"सतरात आहे एक."

"सतरात तू एकटी आहेस, राणीसाहेब. मी सकाळपासून बघतोय. स्वतःशी बोलायला लागलीस, इतकंच."

दुसऱ्या दिवशी शनिवार. धुकं अधिक दाट होतं. पलीकडे काम चालू होतं. त्रीनूने मुद्दामच विचारलं, "किती राहिले?"

"एक."

"कालही एकच होता."

त्रीनू शिडीवरून उतरली आणि फांद्यांखालून वाकून पाहू लागली. पलीकडे शिडीचे पाय नव्हते. माणसाचेही नव्हते. ओलं गवत तेवढं होतं, न तुडवलेलं. गवतावर एक लाकडी खोकं होतं, सफरचंदांनी काठोकाठ भरलेलं. सगळ्या बागेतून पाणी ठिबकत होतं, तिच्या भुवयांवरूनसुद्धा. त्या खोक्यातली फळं मात्र कोरडी होती... कपाटातून आत्ता काढल्यासारखी.

आणि वर, तिच्या डोक्यावर, देठ मोडत होते.

"तुझे किती?" आवाज आता जवळून आला.

त्रीनूच्या तोंडून सवयीने उत्तर निघून गेलं. "तीन. आजचा धरून."

"एक दे."

"काय?"

"एक दे... सगळे देतात."

पानं हलली. वारा नव्हता. पानांतून चार बोटं बाहेर आली आणि त्यांनी त्रीनूच्या झोळीची कड धरली. नखांत माती होती, जशी सगळ्यांच्याच नखांत असते. ओढ नव्हती, जोर नव्हता. रांगेत उभं राहून थकलेलं माणूस खिडकीची कड धरतं तशी ती धरलेली होती. त्या चार बोटांपाठोपाठ एक गारवा झोळीतून पोटात उतरला. अंगातला शुक्रवार कोणीतरी सोलून काढतंय असं तिला वाटलं. कालची सकाळ, नवी शिडी, माएलचा मासा, सगळं पुसट व्हायला लागलं.

"नाही," त्रीनू म्हणाली. आवाज चिरका निघाला, म्हणून तिने परत म्हटलं. "माझा मिळणार नाही. मी तो उकिडवं बसून, शिडीवर चढून, पाठ मोडून कमावलाय. तुझा कुठे अडकलाय ते सांग."

बोटं तशीच राहिली. आवाज आला, "त्याच्याकडे."

त्रीनूने झोळी सोडली. ती पानांत लटकत राहिली. मागे न बघता ती शेडकडे चालत गेली. पळाली नाही. पळावंसं फार वाटत होतं, म्हणूनच पळाली नाही.

मर्व टेबलाशी बसून चहात बिस्किट बुडवत होता. तिचा चेहरा पाहून त्याने उसासा सोडला. पावसाने खेळ थांबावा तसा.

"बोललीस ना तिच्याशी? सांगितलं होतं."

"कोण आहे ती?"

"रीका. आठ वर्षं झाली." बिस्किट चहात पडलं, ते तो बोटाने शोधू लागला. "तिचे सत्त्याऐंशी भरले होते. शेवटच्या दिवशी पाऊस. मी सगळ्यांना घरी पाठवलं. ही एकटी दिवसभर भिजत सतरावी ओळ तोडत राहिली. संध्याकाळी सही मागायला आली. मी म्हटलं, मी बोलावलं नव्हतं, तर दिवस कसला? तशीच सायकल घेऊन निघाली. पुलावर निसरडं होतं." तो थांबला. "पुढच्या वर्षी सतराव्या ओळीची ती बाजू आपोआप तोडली जायला लागली. एका फळाला डाग नाही, पोरी. एका."

"आणि तुम्ही तोडू दिलीत. आठ वर्षं."

"मी काय करणार? तिला हाकलू?"

"ती दिवस मागते."

"मग देऊन टाक. एक कोरियन पोरगा होता, एक इटालियन, एक जर्मन बाई. सगळ्यांनी दिला. नाही म्हटलं तरी जातोच. मी संध्याकाळी वहीत हजेरी लिहितो, सकाळी बघतो तर तिथे कोरं असतं, आणि मलाही आठवत नाही तो माणूस त्या दिवशी आला होता की नाही. जातात बिचारे घरी. घरी जाऊन कोण मरतंय?"

"तिला घरी जाता आलं नाही, म्हणून तर हे चाललंय. तिचा फॉर्म कुठे आहे?"

"फेकला असेल."

"तुम्ही तुटक्या शिड्यासुद्धा फेकत नाही, मर्व."

तो फॉर्म तिसऱ्या खणात होता, कीटकनाशकाच्या पावत्यांखाली. रीका हापाला. दिवस: सत्त्याऐंशी. सहीची जागा कोरी.

"यावर अठ्ठ्याऐंशी करा आणि सही करा."

"मेलेल्या बाईच्या कागदावर? सरकार आत टाकेल मला."

"सरकारला कोण दाखवतंय? तिला दाखवायचाय. आणि सरकारी कागदाला कोण जिवंत, कोण मेलेलं हे कधीच कळत नाही, माझी आई एकतीस वर्षं तेच बघतेय."

"आणि नाही केली तर?"

त्रीनू दारातच एक रिकामं खोकं उलटं घालून त्यावर बसली. "तर मी इथून हलत नाही. माएलला बोलावते, तो बाकीच्या नऊजणांना बोलावेल. आम्ही सगळे बसतो. तुमची पिंक लेडी सफरचंदं अजून सहा ओळी झाडावर आहेत आणि रात्री दव गोठायला लागलंय."

"तुझेच दिवस बुडतील, मूर्ख पोरी."

"तसाही एक जाणारच आहे म्हणता ना? मग माझ्या मर्जीने जाऊ दे."

मर्वने तिच्याकडे पाहिलं. मग बाहेर धुक्याकडे, सतराव्या ओळीच्या दिशेने. कुठेतरी शिडी करकरली. त्याने पेन उचललं. आकडा खोडून अठ्ठ्याऐंशी केला. मग सही केली.

"उद्यापासून ती बाजू कोण तोडणार?" तो पुटपुटला.

"पगारावर माणूस ठेवा."

रविवार गेला. सोमवारी सकाळी त्रीनूने झाडावर लटकलेली झोळी काढली, फॉर्मची घडी उघडली आणि पानांत धरली. "तुझा," ती म्हणाली. "वाचून बघ. मी दोनदा वाचलाय."

पलीकडे देठ मोडायचे थांबले. कागद तिच्या हातातून गेला, ओढून नव्हे, उचलून घेतल्यासारखा. मग गवतात पावलं वाजली, आधी सावकाश, मग भराभर, ओळीच्या टोकाकडे, रस्त्याकडे. पावलांचा माग मात्र गवतात उमटला नाही.

मंगळवारी त्या बाजूची सफरचंदं जशीच्या तशी लटकत होती. ती त्रीनूने आणि माएलने तोडली. मर्वने त्रीनूच्या फॉर्मवर अठ्ठ्याऐंशी लिहिले आणि सही केली. फॉर्म गेला. नऊ दिवसांनी होकार आला: आणखी एक वर्ष.

तिने आईला फोन केला. आई म्हणाली, "उशी मी मांजराला दिली." त्रीनूला त्यात राग ऐकू आला आणि थोडी सुटकाही.

मग ती आणि माएल त्याच्या गाडीतून दक्षिणेच्या टोकाकडे निघाले, दीपगृह पाहायला. तीन महिने ज्या बेटावर राहिलो ते बेट झाडाखालून दिसलं तेवढंच पाहिलं, असं माएल म्हणाला. ऊन स्वच्छ होतं. वळणावळणाने समुद्र दिसायचा आणि लपायचा.

"तू त्या बाईला नक्की काय मिळवून दिलंस, विचार केलायस कधी?" माएल म्हणाला. तो अजूनही अर्धवटच विश्वास ठेवत होता.

"सुटका."

"सुटका कसली? अठ्ठ्याऐंशी दिवस आणि मालकाची सही. याने काय मिळतं, राणीसाहेब?"

त्रीनू उत्तर द्यायला वळली, आणि तेवढ्यात गाडीतला इशारा टिंग-टिंग वाजू लागला. मागच्या सीटवर कोणी बसलंय, पट्टा लावलेला नाही.

"बॅग असेल," माएल म्हणाला.

"बॅगा डिकीत आहेत."

त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं, परत चालू केलं. टिंग-टिंग. मागची सीट रिकामी होती आणि उन्हात कोरडी ठणठणीत. माएल आता काहीच विनोद करत नव्हता.

"काय करायचं..." तो हळूच म्हणाला.

"करायचं काय त्यात?" त्रीनू म्हणाली. "तिलाही एक वर्ष मिळालंय. ते कुठे घालवायचं हे तिचं ती ठरवेल. पण मला भिववून परत पाठवता येणार नाही, हे तिलाही कळू दे."

ती दोन सीटांमधून मागे वाकली. मागचा पट्टा ओढला, सीटवरून आडवा घेतला आणि खटकन लावला.

आवाज बंद झाला. माएलने गाडी रस्त्यावर घेतली. पुढच्या वळणावर झाडं संपली आणि डाव्या हाताला सगळा समुद्र एकदम उघडला. त्रीनूने आरशात पाहिलं. मागचा पट्टा सीटवर सैल पडलेला नव्हता. तो ताणत हळूहळू पुढे आला, डाव्या खिडकीच्या बाजूला. नीट दिसावं म्हणून कोणी वाकावं, तेवढाच.