रुपीचा खो

सर्वपित्री अमावास्येला माहेरी जायचं म्हणून भोयेबाईंनी मोखाड्याच्या कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली, बाजारातून आईसाठी गूळ आणि चहापत्ती घेतली आणि नाक्यावरची जीप धरली. जीपवाला भावेश ओळखीचा होता. त्याने त्यांना पाड्याच्या फाट्यावर उतरवलं आणि सांगितलं, पुढच्या गावात दोन म्हातारी माणसं सोडून येतो, मग तुम्हाला पार वर दारापर्यंत नेतो, तोवर शाळेच्या ओट्यावर बसा. दुपारचे तीन वाजले होते. पाऊस उघडला होता, पण दरीतलं धुकं हळूहळू वर चढत होतं.

शाळा बंद पडून चार वर्षं झाली होती. पोरं सगळी आश्रमशाळेत गेली. दाराला गंजलेलं कुलूप, आत वटवाघळांचा वास, पटांगणात गुडघाभर गवत. कुठूनतरी कौलावरचं पाणी थेंबथेंब पडत होतं. बाईंनी पदराने ओटा पुसला, बसल्या, इकडेतिकडे कुणी नाही ना ते बघून घेतलं आणि मोबाइल काढला.

बघून घ्यायचं कारण असं, की कचेरीत तीन टेबलांचं काम एकटीने उरकणारी ही चाळिशी ओलांडलेली बाई पोरासोरांचा खेळ खेळते, हे कुणाला कळलं असतं तर तिला चारचौघांत मान वर करायची सोय राहिली नसती. मुलगी सुनिता नाशिकला कॉलेजात. तिने दिवाळीत आईच्या मोबाइलवर तो खेळ टाकून दिला होता. त्यात तुम्ही जन्माला येता. एक बटण दाबलं की एक वर्षाने मोठे होता. शाळेत जाता, भांडता, एखाद्या संघात शिरता, लग्न करता, म्हातारे होता. त्यातलं मराठी सरकारी परिपत्रकासारखं होतं. ‘तुम्ही नऊ वर्षांचे झाला आहात. तुमचे आरोग्य समाधानकारक आहे.’ बाईंना ते वाचून दर वेळी हसू यायचं.

खेळाने पहिल्यांदा नाव विचारलं तेव्हा बाईंनी ‘रुपी’ लिहिलं होतं. कुठेही लिहिलेलं ते नाव त्यांनी त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

कचेरीत, आधारकार्डावर, लग्नपत्रिकेत त्या सकू होत्या. पण सकू ही त्यांची मोठी बहीण. पाड्यावर गुरुजी नावं गोळा करत आले तेव्हा सकूचं नाव पटावर चढलं आणि त्याच पावसाळ्यात काविळीने ती गेली. सहा वर्षांची होती. पुढच्या साली बाप, लाडक्या, धाकट्या रुपीला बोटाला धरून याच शाळेत घेऊन आला. गुरुजींनी पट उघडून बघितला आणि म्हणाले, सकूचं नाव आहेच की, कशाला खाडाखोड, बसू दे हिला त्या नावावर. बापाला वाटलं, गुरुजी म्हणतात म्हणजे तसंच असेल. पाच वर्षांची रुपी त्या दिवसापासून सात वर्षांची सकू झाली. नवऱ्यालासुद्धा बाईंनी हे कधी सांगितलं नव्हतं. आता त्यांना रुपी म्हणणारं एकच माणूस जगात उरलं होतं, ते म्हणजे त्यांची आई पोशी.

या वाढीव दोन वर्षांनी रुपीचा एक मोठा घात केला. पुढे ती आश्रमशाळेत गेली, तिथं खो-खोचे संघ पटावरच्या वयाने पाडायचे. वाऱ्यासारखी पळणारी ही एवढीशी पोर थोराड मुलींच्या गटात पडली आणि पाच वर्षं मैदानाच्या कडेला सगळ्यांच्या चपला राखत बसली. म्हणून मोबाइलमधल्या रुपीला बाईंनी आठव्या वर्षीच खो-खोच्या संघात घातलं. रोज सराव, रोज दूध. मोबाइलमधली रुपी आज पंधरा वर्षांची होती, कर्णधार होती, आणि जिल्ह्याचा अंतिम सामना होता. बाई ओट्यावर सरसावून बसल्या.

सामना सुरू झाला. पाठलाग करणारी रुपी, आणि चौकोनांत बसलेल्या आठ मैत्रिणींची यादी. नावं खेळानेच ठेवलेली, शहरी थाटाची. बाईंनी सवयीने यादीवरून बोट फिरवलं आणि शेवटच्या नावावर ते थांबलं.

‘सकू. वय ६. नाते: बहीण.’

बाकीच्या साऱ्या पंधरा-सोळाच्या होत्या. आणि मोबाइलमधल्या रुपीला बहीण नव्हतीच, आई-बापाची ती एकुलती एक. बाईंनी खेळ बंद केला, मोबाइल बंद केला, पुन्हा चालू केला. यादी तीच. धुकं एव्हाना पटांगणात आलं होतं आणि गवत दिसेनासं झालं होतं. कौलावरचं पाणी पडायचंही थांबलं होतं.

नावाशेजारी ‘बोला’ असं बटण होतं. बाईंनी ते दाबलं.

‘सकू म्हणाली, लई दिस बसलेय गं...’

असं मराठी या खेळाला येत नव्हतं. त्यांनी पुन्हा दाबलं.

‘सकू म्हणाली, पाय आखडलं...’

खाली दोन पर्याय आले. ‘खो द्या’ आणि ‘धावत राहा’. खो-खोत उठायचं मनाने नसतं. पाठीमागून कुणीतरी खो देईपर्यंत बसूनच राहायचं, आणि खो देणारीने तिच्या जागी बसायचं. हे बाईंना कुणी शिकवायला नको होतं. त्यांनी ‘धावत राहा’ दाबलं.

‘सकू काही म्हणाली नाही.’

तेवढ्याने बाईंना रडू कोसळलं. तिने रागवायला हवं होतं. पण ती रागवायचीच नाही, हे त्यांना आठवत होतं. ओढ्यावरून खेकडे आणून चुलीत भाजले की सकू नांगी फोडून आतलं पांढरं मांस रुपीच्या तोंडात घालायची आणि स्वतः नुसतं कवच चोखत बसायची. कडेवर घेऊन उतार उतरायची, तेव्हा तिचीच कंबर रुपीपेक्षा जाड नव्हती. त्या पोरीच्या नावावर रुपी शाळा शिकली, नोकरीला लागली, बोहल्यावर चढली, सुनिताची आई झाली. पस्तीस वर्षं एकटीच धावली. आणि सकू इथंच कुठंतरी गुडघ्यावर बसून वाट बघत होती. बाईंना भीती वाटलीच नाही असं नाही, पण माया भीतीहून मोठी होती.

“थांब गं, सके,” त्या धुक्याला म्हणाल्या. “देते...”

आणि त्यांनी ‘खो द्या’वर बोट टेकवलं.

तळहाताला काहीतरी लागलं. मोबाइलची काच नव्हे. लहान पोराच्या पाठीचा कणा लागावा तसं, गार आणि घामाने ओलं. क्षणभरच. पडद्यावर शब्द आले, ‘रुपी आठव्या चौकोनात बसली. सामना पुढे चालू.’ मग पडदा काळा झाला.

भावेशचा हॉर्न वाजला तेव्हा बाई ओट्यावरून उडी मारून उतरल्या. एरवी त्यांना गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय उठता यायचं नाही. जीपमध्ये त्या काचेला नाक लावून बाहेर बघत होत्या, झाडं बघत होत्या, रस्त्यात आडवी आलेली बकरी बघून हसल्या. भावेश म्हणाला की ताई, आज तुम्ही पहिल्यांदाच आल्यागत बघताय. बाईंना आत सगळं हलकं वाटत होतं, आणि खूप भूक लागली होती.

दिवेलागणीला त्या घरी पोचल्या. पोशी दारातच होती. म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण पाऊल ओळखायची. तिने नेहमीसारखं आली गं रुपे म्हणायला तोंड उघडलं, आणि तशीच थांबली. जवळ आली. दोन्ही हातांनी बाईंचा चेहरा चाचपला, कपाळ, कान, हनुवटी.

“सकू...?” ती हळूच म्हणाली. “माझी बाय ती. कवा उठलीस?”

बाईंना म्हणायचं होतं, आये, मी रुपी. पण म्हातारीने त्यांना पोटाशी धरलं आणि इतकी रडली, इतकी हसली, की पुढं काही बोलायचं राहूनच गेलं. तिने त्यांना चुलीजवळ बसवलं, गरम भात वाढला, आणि मग पितरांची पानं घेऊन अंगणात गेली.

दर वर्षी ती सागाच्या पानांवर भात आणि उडदाचं वरण ठेवायची आणि एकेकाचं नाव घेऊन बोलवायची. सासरा, सासू, नवरा लाडक्या. शेवटचं एक लहान पान मात्र ती न बोलता ठेवायची. जित्या माणसाचं नाव पितरांत घेऊ नये असा रिवाज होता, आणि सकू नावाची बाई तर समोर जिती होती. मेलेल्या पोरीला एवढ्या वर्षांत कुणी नावाने जेवायला बोलावलंच नव्हतं.

आज पोशीने ते लहान पान ठेवलं आणि स्पष्ट, मायेच्या आवाजात हाक मारली.

“रुपी, ये गं बाय. जेव.”

आत चुलीजवळ बाई ताट समोर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी अजून पहिला घासही उचलला नव्हता. तरीही त्यांच्या जिभेवर अंगणातल्या गार भाताची आणि सागाच्या पानाची चव पसरली.