तीन नंबरची पट्टी

दुपारच्या प्रयोगात, ऐन स्वगतात, तरुण नटीचा आवाज गेला. तिचे ओठ हलत राहिले आणि प्रेक्षक खोकत राहिले.

पडदा पडताच दिग्दर्शक विंगेत गरजला, "ध्वनीवालीला बोलवा! आज तिचा शेवटचा दिवस."

कपडेपटाच्या मावशी नायकाच्या कोटाला बटण लावत होत्या. चाळीस वर्षांत त्यांनी पुष्कळ दिग्दर्शक गरजताना पाहिले होते. पूर्वीचे निदान आधी विचार करायचे.

ध्वनीवालीचे डोळे भरले होते. "मावशी, बारा वाजता मी एकेक माइक तपासला. तीन नंबर नटीचा, सहा नंबर जादाचा, तो मी बंदच ठेवते. मग तीनची पट्टी पाहून मी तिच्या कमरेला बांधलेला माइकचा पॅक सहाचा निघालाच कसा?"

"दाखव."

पत्त्यांच्या जोडाएवढे दोन पॅक. नंबरच्या पट्ट्या ध्वनीवालीच्याच हातच्या, पण अदलाबदल झालेल्या. मावशींनी चष्मा चढवला. बाकी सगळ्या पॅकवर पट्टी खालच्या कडेला होती. या दोघांवर मात्र सेलच्या झाकणावर आडवी.

"तपासल्यानंतर माइकच्या टेबलापाशी कोण आलं?"

"दोघंच. बदली नटी आणि नायक. आपापले पॅक न्यायला."

"मग बदली नटीच!" दिग्दर्शक म्हणाला. "तिला ही भूमिका हवीच आहे."

"काय हो उजेड पाडलात! दोघांना बोलवा."

दोघं आली. मावशींनी बदली नटीच्या हातात एक पॅक ठेवला. "सेल बदल गं."

तिने नखाने पट्टी उचकटली. "कोणत्या गाढवाने झाकणावर चिकटवली? मध्यंतरात काय ही सोलत बसायची?"

दुसरा पॅक नायकाला. त्याने तो उलटा केला, सुलटा केला.

"हे माझं काम नाही."

"वीस वर्षं कमरेला बांधताय ना?"

"मी हात वर करतो, कुणीतरी बदलतं. उघडतं कुठून हे?"

मावशींनी सुई कोटात टोचून ठेवली.

"ऐका. जो रोज सेल बदलतो, तो झाकणावर पट्टी लावणार नाही. ध्वनीवाली लावणार नाही, ही पोरगीही नाही. झाकण कुठे असतं हेच ज्याला ठाऊक नाही, तोच लावेल. टेबलापाशी आलेल्यांत असा एकच महाभाग."

"एका पट्टीवरून मला चोर ठरवता?"

"छे! चोराला अक्कल लागते. तुम्हाला नुसता मत्सर पुरला."

नायकाचा चेहरा रंगाखालीही लाल झाला. "तिच्या स्वगतात तीन मिनिटं पाठ फिरवून उभं राहायचं मी, आणि टाळ्या त्या कार्टीला? एक दिवस गप्प बसली तर आभाळ कोसळलं का?"

दिग्दर्शकाने ध्वनीवालीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तू राहा. माझं चुकलं." नायकाला तो म्हणाला, "उद्या तुमच्या जागी बदली नट उभा राहील."

"माझ्याशिवाय प्रयोग? शक्य तरी आहे का?"

"का नाही?" मावशींनी कोट उजेडात धरला. "चार बोटं आत घेते. पोटापाशी."