इद्रिसच्या लेकाचं गवत

साफियाने सागूची लापशी घोटली, मासा निखाऱ्यावर ठेवला आणि सुनेला बजावलं, बाळाला न्हाऊ घाल, आज त्याच्या पायांना गवत लावायचंय. अंबोन बेटावरच्या त्या गावात मुलगा झाला की बाप मैदानातलं मूठभर गवत आणून त्याच्या तळपायांना चोळतो, मग पोराच्या पायांत फुटबॉल उतरतो. या पोराचा बाप इद्रिस, पोर पोटात असतानाच, खेळता खेळता गोलापाशी पडला तो उठलाच नाही. तेव्हा गवत आजीनेच आणायचं.

इद्रिस म्हणजे गावाचा जीव. लवंगा वाळवणाऱ्या बाया अजून त्याचे गोल एकमेकींना सांगत, आणि सांगता सांगता त्यांचे हात थांबत. तो पडला तिथलं गवत तर ज्याच्या घरी पाळणा हलला त्याने उपटून नेलेलं. साफिया पोचली तेव्हा तिथे उघडी माती होती.

मैदान राखणारा हारून म्हणाला, पलीकडचं घ्या, गवत तेच.

"ज्यांचे बाप जिवंत त्यांनी माझ्या लेकाचं ओरबाडून न्यायचं, आणि माझ्या नातवाने कोपऱ्यातलं घ्यायचं होय रे?"

ती तडक कब्रस्तानात गेली. इद्रिसच्या कबरीवर गवत दाट माजलं होतं. वर ऊन तापलेलं, पण मुळाशी बोटं गारठली. तिने मूठभर उपटलं, घरी आणून बाळाच्या तळव्यांना चोळलं.

दिवसभर लाथा झाडणारं पोर त्या दिवसापासून निपचित पडू लागलं.

"आई, याचे पाय गार लागतात," सून नूरलैला म्हणाली.

"आम्ही काय पोरं वाढवली नाहीत? समुद्राचा वारा आहे. मोजे घाल."

मोजे घातले. कोमट पाण्याने शेकलं. टाचा रांजणाच्या बुडासारख्या गारच. मग एकदा लंगोट बदलताना सुनेला त्याचे पाय वेगळे करता येईनात. साफियाने पाहिलं. दोन्ही अंगठे एकमेकांना चिकटलेले, त्यांच्याभोवती चिंधी आवळल्यासारखा वळ. मयताचे बांधतात तसे.

तिने इमामाला बोलावलं. त्याने दुवा पढली, पाण्यावर फुंकर घातली, मग गवत कुठलं ते विचारलं. तिने सांगितलं. बाळाच्या अंगावरचा हात त्याने काढून घेतला.

"परत नेऊन ठेवते," साफिया म्हणाली.

"पायात उतरलं ते कसं नेणार, माई?"

तो पाणी न पिताच गेला.

बाळ चटईवर झोपलं होतं. तोंड पश्चिमेला, काब्याकडे. कबरीत निजवतात तसं.

साफियाने चटईच धरून फिरवली. तोंड समुद्राकडे केलं.

नूरलैला दारात उभी होती.

झोपेतच बाळाने, काही घाई न करता, मान पश्चिमेला वळवली.